लोहदरीतली गुहा

महादेवाने अंगाच्या मळाची खार केली, तिच्यात जीव घातला आणि ती गोंडांपुढे सोडली. तिच्या मागे धावत सगळे गोंड गुहेत शिरले, तशी महादेवाने सोळा हात लांबीची धोंड तोंडाशी लावली आणि पहाऱ्याला भस्मासुर बसवला. चौघे तेवढे निसटले. ते ज्या मुलखात जाऊन राहिले त्याचं नाव गाण्यात येतं ‘काचीकोपा लाहूगड’.

हे गाणं नागपूरचे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधान गायकाकडून ऐकून उतरवून घेतलं. हिस्लॉप १८६३ मध्ये टाकळघाटजवळ पुराच्या पाण्यात बुडून गेले. त्यांचे कागद मात्र वाचले आणि रिचर्ड टेंपल यांनी ते १८६६ मध्ये छापले. गोंडांच्या कोंडलेल्या पूर्वजांची कथा छापील स्वरूपात आली ती तेव्हा.

आज ही गुहा कुठे, असं विचारलं तर गडचिरोली जिल्ह्याच्या उत्तरेचं, गोंदियातल्या सालेकसा तालुक्यातलं कचारगड सांगितलं जातं. दरेकसा स्टेशनावर उतरून धनेगावच्या बाजूने जंगलात शिरायचं आणि चढायचं. माघ पौर्णिमेला इथे महाराष्ट्र, छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातून लाखोंनी लोक येतात. पण आजच्या स्वरूपातली ही यात्रा १९८०च्या दशकातली आहे. भाषाभ्यासक मोतीरावण कंगाली आणि त्यांच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांनी गाण्यातलं स्थळ जमिनीवर शोधलं, लोकांना तिथे नेलं आणि त्यावर ग्रंथ लिहिले. आपल्या धर्माचं उगमस्थान एखाद्या समाजाने अभ्यास करून, पायी हिंडून परत मिळवावं, ही विसाव्या शतकातली मोठी सांस्कृतिक घटना आहे. तिची दखल मराठी वाचकाने फारच कमी घेतली.

कचारगडला सांगतात ती कथा हिस्लॉपच्या गाण्याहून बरीच वेगळी आहे. इथे कोंडली गेली ती कली कंकाली मातेची ३३ खोडकर मुलं. त्यांना सोडवायला गोंडांचा आद्य गुरू पारी कुपार लिंगो आणि देवी जंगो रायताड पुढे आले. परधान वादक हिरासुका पाटालीरने किंगरी वाजवायला घेतली, सुरांनी आतल्या मुलांना बळ आलं आणि त्यांनी धोंड ढकलली. ती गडगडत आली आणि हिरासुका तिच्याखाली चिरडला गेला. हिस्लॉपच्या गाण्यात सुटकेआधी लिंगोला राक्षसी पक्ष्याची पिल्लं आणावी लागतात, नाग मारावा लागतो. इथे ते काम तीन तारांचं वाद्य करतं. किंगरी परधानांची, आणि ही कथा पिढ्यान्‌पिढ्या गात आले तेही परधानच. त्यांनी आपलं वाद्य आणि आपला मृत्यू गोष्टीच्या मधोमध ठेवला, यात मला एका कलावंत जमातीचा रास्त अभिमान दिसतो.

दोन्ही कथांमध्ये टिकून राहिलं ते नाव. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवरच्या १९१६च्या ग्रंथात काचीकोपा लाहूगडचा अर्थ दिला आहे: लाल डोंगरातली लोखंडाची दरी. गोंडीत ‘कच्ची’ म्हणजे लोखंड. कचारगडची मंडळी म्हणतात तो ‘कोयली कचाड लोहागड’ही त्याच वळणाचा.

आता भूगर्भाचा नकाशा पाहा. चंद्रपूरचं लोहारा, गडचिरोलीतलं सूरजागड, सीमेपलीकडे छत्तीसगडातलं दल्ली-राजहरा: मध्य भारतातला हा सगळा पट्टा लोहखनिजाचा आहे. फार प्राचीन समुद्रात लोह विरघळलेलं होतं. सूक्ष्मजीवांनी सोडलेला ऑक्सिजन त्याला मिळाला आणि ते गंजून थराथराने तळाशी बसलं. असे खडक बहुतेक ठिकाणी अडीचशे कोटी वर्षांच्या आसपासचे किंवा त्याहून जुने असतात. हेमॅटाइटमुळे ते डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची माती तांबडी दिसते. जमशेटजी टाटांना पोलादाचा ध्यास लागला तोही चांदा (जुना चंद्रपूर) जिल्ह्याच्या लोखंडावरचा १८८२ मधला एक जर्मन अहवाल वाचून. पुढे लोहाऱ्याचं खनिज कमी पडलं आणि वरोऱ्याचा कोळसा भट्टीला चालला नाही, म्हणून कारखाना दुसरीकडे गेला. पण मुलखाचं वैशिष्ट्य गाणाऱ्यांना आधीच ठाऊक होतं. त्यामुळे लाहूगड ही एखादी टेकडी शोधण्यापेक्षा तांबड्या, लोहयुक्त डोंगरांचा अख्खा प्रदेश म्हणून वाचावा, असं मला वाटतं. श्रद्धेची गुहा एक असू शकते. गाण्यातला भूगोल तेवढा लहान नाही.

याला आधार चंद्रपुरातच मिळतो. जिवती तालुक्याच्या टोकाला, माणिकगडच्या डोंगररांगांत, कोटा परांडोलीजवळ जंगुबाईची गुहा आहे. महाराष्ट्र आणि तेलंगणा दोघेही ज्या गावांवर हक्क सांगतात, त्यांतलंच परांडोली एक. पौष महिन्यात गोंड, परधान, कोलाम तिथे दिवा लावायला जातात. जंगुबाई म्हणजेच कचारगडच्या कथेतली जंगो रायताड, असं बहुतेक भाविक मानतात. इथून जवळच्या जोडेघाटला १९४० मध्ये निजामाविरुद्ध लढणारे गोंड नेते कुमराम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांना गोंडांचा अभ्यास करायला पाठवलं. त्यांच्या १९४८च्या ग्रंथात कोंडलेल्या देवांची आणि पहांडी कुपार लिंगालची, म्हणजे लिंगोचीच, कथा आदिलाबादच्या परधानांच्या तोंडून पुन्हा येते. दोन गुहा एकमेकींपासून बऱ्याच लांब आहेत, पण कथा दोन्हीकडे जिवंत आहे.

सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचं ठाणं आहे आणि त्याच डोंगरात आज लोहखनिजाची खाण चालते. खनिजाचा प्रत्येक थर तिथे मोजला, तपासला गेला. गाण्यांच्या वाट्याला एवढी मेहनत आलेली नाही. २०११च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांवर होते, पण किंगरीवर पूर्ण लिंगोकथा गाणारे परधान म्हातारे होत चालले आहेत. कोरची, एटापल्ली आणि जिवतीकडची गाणी ध्वनिमुद्रित करावीत, त्यांतलं डोंगराचं, नदीचं, दगडाचं प्रत्येक नाव गोंडी जाणणाऱ्यांनी आणि भूशास्त्रज्ञांनी एकत्र बसून नकाशावर ताडून पाहावं. गोंडवाना विद्यापीठ गडचिरोलीतच आहे, आणि गाणाऱ्यांची गावंही तिथून लांब नाहीत.