आग्र्याला मुक्काम करा

दिल्लीहून आग्र्याला जाणारी गतिमान एक्सप्रेस शुक्रवारी धावत नाही, कारण शुक्रवारी ताजमहाल बंद असतो. आग्र्यातल्या गर्दीचे मूळ या एका सुट्टीत दिसते. ही गाडी सकाळी दहाच्या सुमारास आग्रा कँटला पोचते आणि संध्याकाळी सहाच्या आत परतीला लागते. २०१२ मध्ये यमुना एक्सप्रेसवे खुला झाल्यापासून बस आणि मोटारीही याच हिशेबाने धावतात. सकाळी दिल्ली सोडायची, दुपारपर्यंत ताज उरकायचा, जमला तर किल्ला, आणि रात्रीच्या जेवणाला पुन्हा दिल्ली. त्यामुळे हजारो माणसे एकाच प्रहराला त्याच दोन दरवाजांवर येऊन उभी राहतात. ताजला येणाऱ्यांची संख्या मोठी आहेच, पण जीव गुदमरतो तो सगळे एकाच वेळी आल्यामुळे. पुरातत्त्व खात्याने २०१८ मध्ये तिकिटाला तीन तासांची मर्यादा घातली आणि मुख्य मकबऱ्यात जाण्यासाठी दोनशे रुपये जादा आकारायला सुरुवात केली. या उपायांनी माणसे आत रेंगाळत नाहीत हे खरे, पण त्यांची येण्याची वेळ काही बदलत नाही. ती बदलणे प्रवाशाच्याच हाती आहे, आणि त्यासाठी आग्र्यात रात्री राहायला हवे.

मुक्काम केला की दिवसाची दोन्ही टोके आपली होतात. ताजचे दरवाजे सूर्योदयाच्या अर्धा तास आधी उघडतात. दिल्लीची माणसे तेव्हा अजून दिल्लीतच असतात. आता पहाटेलाही रांग लागते, हा आक्षेप खोटा नाही. पण ती रांग बरीचशी सुरक्षा तपासणीची असते. मोठी पिशवी, खाद्यपदार्थ, कॅमेऱ्याचा तिपाई स्टँड असे काही जवळ नसेल तर तपासणी लवकर आटोपते. आत शिरल्यावर बहुतेक लोक पहिल्या चौथऱ्यावरच फोटोसाठी थबकतात. तिथे न थांबता आधी थेट मकबऱ्यापाशी जावे आणि बाग परतताना पाहावी. पौर्णिमेच्या आगेमागे पाच रात्री चांदण्यात ताज पाहता येतो, तोही पन्नास-पन्नासांच्या तुकड्यांत, प्रत्येकी अर्धा तास. शुक्रवार आणि रमजानचा महिना त्यातून वगळलेला असतो. दिल्लीहून एका दिवसासाठी आलेल्याला हे कसे जमावे?

शुक्रवार तर मुक्काम करणाऱ्याचा हक्काचा दिवस. त्या दिवशी बंद असतो तो फक्त ताज. किल्ला, सिकंदऱ्याची अकबराची कबर, यमुनेपलीकडच्या बागा सगळे उघडे असते. मोगलांचे आग्रा हे मुळात नदीचे शहर. यमुनेच्या दोन्ही काठांवर बादशहाच्या आणि सरदारांच्या बागा आणि हवेल्या ओळीने उभ्या होत्या. ताज त्याच ओळीतला एक, सगळ्यांत भव्य. तो एकटाच पाहिला तर हे शहर कळतच नाही. नूरजहानने आपल्या वडिलांसाठी, मिर्झा गियास बेग म्हणजेच इतिमाद-उद-दौला यांच्यासाठी, १६२२ ते १६२८ या काळात बांधलेला मकबरा पलीकडच्या काठावर आहे. पांढऱ्या संगमरवरात रंगीत दगड जडवण्याची जी कारागिरी लोक ताजमध्ये नवलाने पाहतात, तीच इथे ताजच्या आधी भिंतीभर फुललेली दिसते, आणि ती जवळ उभे राहून निरखता येते. पुढे मेहताब बाग. काळ्या ताजची दंतकथा याच जागेला चिकटली होती. उत्खननात मात्र बाग आणि अष्टकोनी हौद निघाला. मावळतीला इथून नदीपल्याड ताज समोर दिसतो, शुक्रवारीही.

मराठी माणसाला तर आग्र्यात पाहण्यासारखे आणखी काही आहे. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या दरबारात शिवाजी महाराजांचा अपमान झाला तो इथल्याच किल्ल्यात, आणि ऑगस्टमध्ये पहारे चुकवून महाराज निसटले ते याच शहरातून. पुढे १७८५ मध्ये हा किल्ला महादजी शिंद्यांच्या ताब्यात आला आणि १८०३ पर्यंत शिंद्यांकडे राहिला. शिंद्यांच्या चाकरीतला डच अधिकारी जॉन हेसिंग हा या किल्ल्याचा किल्लेदार होता. १८०३ मध्ये तो वारला. त्याच्या पत्नीने त्याची कबर ताजच्या धर्तीवर, पण लाल दगडात बांधवली. आग्र्याच्या रोमन कॅथलिक दफनभूमीत ती आजही उभी आहे. उत्तरेतल्या मराठी सत्तेची इतकी ठसठशीत खूण आपल्या सहलींच्या कार्यक्रमात जवळजवळ कधीच नसते, याचे वाईट वाटते.

यावर कोणी म्हणेल, ज्याला आयुष्यात एकदाच जायला मिळते, त्याच्यापाशी रात्र कुठून येणार? अडचण खरी आहे. पण मुंबईहून पंजाब मेलसारख्या गाड्या आग्र्यावरूनच पुढे दिल्लीला जातात. आधी दिल्ली गाठून मग उलट मागे यायचे, हीच मुळात वेळेची उधळपट्टी. वाटेत आग्र्याला उतरले तर रात्र मिळते आणि एक फेरा वाचतो. दुसरा आक्षेप असा की सगळेच इतिमाद-उद-दौलाकडे वळले तर तिथेही तीच झुंबड होईल. तितकीच माणसे दोन दिवसांवर आणि सहा ठिकाणी विभागली, तर कुठल्याही एका जागेवर आज ताजवर पडतो तसा भार पडणार नाही. शिवाय दिवसभर येऊन जाणारा प्रवासी शहराला तिकिटाचे आणि फार तर एका जेवणाचे पैसे देतो. राहणारा खानावळीला, रिक्षावाल्याला, पेठेवाल्याला सगळ्यांनाच थोडेथोडे देतो. गर्दीचा त्रास सोसणाऱ्या गावाचा एवढा तरी हक्क आहे. सहल कंपनीबरोबर जाणाऱ्यांनी पैसे भरण्याआधी कार्यक्रमपत्रिकेत आग्र्याच्या किती रात्री आहेत ते पाहावे, आणि एकही नसेल तर ती मागून घ्यावी. प्रवासी मागत नाहीत तोवर कंपन्या ती देणार नाहीत.