निर्जीव भासणारी तार



जुन्या घरांतून भाड्यानें राहणाऱ्या पुष्कळांच्या माथ्यावर एक उपेक्षित वस्तु असते. आढ्याखालच्या लाकडी पट्टीवरून गेलेली, पूर्वीच्या एखाद्या दिव्याची वा पंख्याची, आणि आतां कोणाच्याहि उपयोगाची नसलेली विजेची तार. तिच्याविषयीं आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

दोन वर्षांपूर्वीं मी चंद्रपुरांतील एका जुन्या घरांत बिऱ्हाड केलें. मधल्या खोलीच्या तुळईवरून तारांची एक जोडी लोंबत होती. टोकांस चिंधी गुंडाळलेली. "गुरुजी, ती कैक वर्षांपासून बंद आहे," असें घरमालक म्हणाले. भिंतीवरील तिचें बटणहि बंदच होतें. पक्कड घेऊन मी शिडीवर चढणार, इतक्यांत शेजारचे वायरमन आले. त्यांनीं टेस्टर लावला आणि त्यांतील दिवा लागला! तार बंद नव्हती. केवळ निकामी होती.

असें कां व्हावें? दिव्याकडे दोन तारा जातात. एक फेजची, दुसरी न्यूट्रलची. बटण फेजवर असावें लागतें. बसविणाऱ्यानें तें चुकून न्यूट्रलवर बसविलें, तर बटण बंद करतांच दिवा विझतो खरा, परंतु तारेंत २३० व्होल्टचा दाब तसाच राहतो. म्हणून दिवा विझला म्हणजे वीज गेली, हें अनुमान खोटें आहे.

साठ वॅटच्या दिव्यांतून सुमारें पाव अँपियर प्रवाह वाहतो. त्याचा आठवा हिस्साहि मनुष्याच्या छातींतून कांहीं क्षण वाहिला, तर प्राणावर बेतूं शकतें. फ्यूज वा एम.सी.बी. आपणांस वाचवील, या भ्रमांत राहूं नये. तीं तारेच्या रक्षणासाठीं आहेत. ३० मिलिअँपियरचें आर.सी.सी.बी. बसवावें, तें जमिनीकडे जाणारी गळती ओळखून पुरवठा तोडतें. मात्र दोन्ही तारा एकाच वेळीं हातीं आल्या, तर त्याचाहि भरंवसा नाहीं.

आपल्याकडे उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांपलीकडे जातो. त्या उष्णतेनें तारेवरील जुनें रबर कडक होऊन तडकतें. पावसाळ्यांत कवेलूंतून पाणी ठिबकतें. उंदीर आवरण कुरतडतात. अशी उघडी तार कूलरच्या पत्र्यास टेकली, तर अनर्थास वेळ लागत नाहीं.

मग करावें काय? प्रथम, आपण होऊन ती तोडूं नये, ओढूं नये, रंगाखालीं झांकूं नये. घरमालकास कळवून परवानाधारक वायरमनला बोलवावें. त्यानें मेन स्विच बंद करावा. टेस्टर आधीं चालू जागीं लावून तो ठीक असल्याची खात्री करावी, मग तार तपासावी, आणि शेवटीं टेस्टर पुन्हां चालू जागीं पारखावा. कारण बिघडलेला टेस्टरहि लागत नाहीं. नंतर तार जेथून निघते, तेथेंच ती सोडवावी. केवळ लोंबतें टोक कापून चिकटपट्टी गुंडाळणें म्हणजे सापाचें शेपूट झांकणें होय. शक्य तर संपूर्ण तार काढून टाकावी. ती भिंतींत पुरलेली असल्यास दोन्ही शेवटांचीं टोकें निरनिराळीं बंद करून डबींत ठेवावीं व तिचा मार्ग कागदावर काढून मीटरजवळ लावावा. पुढील भाडेकरूस खिळा ठोकतांना तो उपयोगी पडेल.

खर्च कोणाचा? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ यांतील कलम १४ प्रमाणें घर दुरुस्त राखणें हें मालकाचें कर्तव्य आहे. त्यानें दुर्लक्ष केल्यास पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन भाडेकरूस दुरुस्ती करतां येते व कायद्याच्या मर्यादेंत खर्च भाड्यांतून वळताहि करतां येतो. परंतु भांडण्यापूर्वीं त्यांस टेस्टरचा दिवा दाखवावा. आमच्या घरमालकांनीं तो पाहिला आणि त्याच सायंकाळीं ती तार समूळ काढविली.

आज घरीं मान वर करून एकदां तुळईकडे पाहावें, इतकीच विनंती.