शाळा आली अंगणात

मूल रांगू लागले रे लागले की आम्हां शहरी मंडळींत प्रश्न सुरू होतो, "काय, कुठल्या बालवाडीत घालणार?" तीन वर्षांच्या बाळराजांसाठी दप्तर, डबा, दाराशी रिक्षा! कौतुक आहेच. पण आमच्याच जिन्यावर, धुणेभांडी करणाऱ्या बाईंची सात वर्षांची मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसलेली असते. मी विचारले, "अहो, वस्तीत अंगणवाडी आहे ना?"

"आहे की, ताई. पण ती दुपारीच सुटते, आणि माझी कामं संपतात दिवेलागणीला. मधे पोराला कुणी बघायचं?"

सारा प्रश्न एवढ्यात आला. सोय आहे, तिच्या वेळा मात्र बाईंच्या नाहीत.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी हाच पेच फार पूर्वी सोडवला होता. १९४५ साली बोर्डीला त्यांचे काम सुरू झाले. माँटेसरीची महागडी साधने खेड्याला कशी परवडणार? मग शंखशिंपले, बिया, खडे हीच साधने झाली. मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तीच अंगणवाडी! १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर आले. तेथे वारल्यांची मुले गुरांमागे जात. मग कुरणावरच शाळा भरली. धाकट्याला सांभाळण्यापायी थोरलीची शाळा बुडते, हे पाहून पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकत्र आणली. तान्हे पाळण्यात, मधले खेळात, ताई वर्गात!

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ ठिकाणी सुरू झाली, तीही अंगणवाडीचेच नाव घेऊन. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की अंगणवाडी नसलेल्या खेड्यात वा झोपडवस्तीत सहा वर्षांखालची किमान ४० मुले असतील, तर मागणी केल्यापासून ३ महिन्यांत ती मिळावी.

हक्क मिळाला, पण सर्वांना एकच वेळापत्रक लावले की तो ज्याला अधिक हवा त्याच्याच हातून निसटतो. म्हणून मला वाटते, मागणी करताना वेळेचीही करावी, पाळणाघराचीही करावी. आणि आपण? बाईंच्या कामाच्या वेळा ठरवणारे आपणच. आमच्या सोसायटीचे सभागृह दुपारभर कुलूपबंद असते. येत्या सभेत मी त्याची किल्ली मागणार आहे.