स्लोप, इंटरसेप्ट आणि विहिरीतलं फ्लोराइड

वाय = एमएक्स + सी हे समीकरण आपण सगळ्यांनीच घोकलंय. एम म्हणजे स्लोप, शाळेच्या पुस्तकातला ‘चढ’. सी म्हणजे इंटरसेप्ट, रेषा वाय-अक्षाला जिथे छेदते ती जागा. परीक्षेत एवढं पुरतं. लॅबमध्ये मात्र पुरत नाही, हे मला एक चूक केल्यावर कळलं.

आपल्या विदर्भातलंच उदाहरण घेऊ. यवतमाळ, चंद्रपूर भागातल्या काही विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असतं. त्याने दात आणि हाडं खराब होतात. आयएस १०५०० : २०१२ या मानकानुसार लिटरला १.० मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालतं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत.

फ्लोराइड मोजायची एक जुनी पद्धत म्हणजे स्पॅडन्स. यात झिर्कोनियम आणि स्पॅडन्स रंगाचं लाल संयुग असतं. फ्लोराइड त्यातलं झिर्कोनियम ओढून घेतं आणि लाल रंग फिका पडतो. म्हणजे फ्लोराइड वाढलं की ॲबसॉर्बन्स कमी होतो. रेषा खाली उतरते, स्लोप ऋण येतो.

समजायला सोपे आकडे घेऊ. फ्लोराइड ० असताना ॲबसॉर्बन्स ०.८०, आणि १.० असताना ०.६०.

स्लोप = (०.६० − ०.८०) ÷ (१.० − ०) = −०.२०
इंटरसेप्ट = ०.८०
समीकरण: वाय = ०.८० − ०.२०एक्स

इथे इंटरसेप्ट म्हणजे फ्लोराइड अजिबात नसलेल्या ब्लँकचा रंग. एक्सेलमध्ये रेषा जबरदस्तीने शून्यातून नेली, तर रंगच नव्हता असं म्हटल्यासारखं होईल!

आता माझी चूक. रिएजंट संपलं, नवीन बनवलं, पण कॅलिब्रेशन जुनंच वापरलं. एका सॅम्पलचा ॲबसॉर्बन्स ०.६१ आला. जुन्या रेषेनुसार (०.८० − ०.६१) ÷ ०.२० = ०.९५. पाणी चांगलं! नंतर ब्लँक तपासला तर तो ०.८४ निघाला. स्लोप तोच होता, पण उत्तर आता (०.८४ − ०.६१) ÷ ०.२० = १.१५. म्हणजे मर्यादेच्या वर. ते पाणी कुणीतरी रोज पितं, हे आठवून पोटात गोळा आला.

यातून तीन गोष्टी लक्षात ठेवा.

१. इंटरसेप्ट चुकला की सगळी उत्तरं सारख्याच अंतराने सरकतात. माझ्या बाबतीत ०.०४ ÷ ०.२० = ०.२ मिलिग्रॅमने. सगळी एकत्र सरकल्यामुळे तक्ता बघून संशयही येत नाही.

२. स्लोप म्हणजे पद्धतीची संवेदनशीलता. वाचनात ०.०१ ची चूक झाली तर वरच्या रेषेत उत्तर ०.०५ ने चुकतं. स्लोप निम्मा असता तर तीच चूक ०.१० झाली असती.

३. रेषा तुमच्या स्टँडर्डपुरतीच खरी. स्पॅडन्स साधारण १.४ मिलिग्रॅमपर्यंत चालते. त्यापुढचं सॅम्पल डिस्टिल्ड वॉटरने निम्मं पातळ करा आणि उत्तराला २ ने गुणा. रेषा पट्टीने पुढे ओढू नका.

मुलाखतीत ‘स्लोप म्हणजे काय?’ विचारलं तर व्याख्या सांगाच. पण ‘तुमच्या प्रयोगात त्याचं एकक काय?’ हा पुढचा प्रश्न आधी स्वतःलाच विचारून ठेवा. वरच्या उदाहरणात ते आहे लिटर प्रति मिलिग्रॅम. का, ते वहीत करून बघा.