बुश झिजतो म्हणून गिअरबॉक्स टिकतो

मुंबईतली शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली. टॅक्सीला वयाची अट वीस वर्षांची, त्यामुळे 30 ऑक्टोबर 2023 पासून ही गाडी टॅक्सी म्हणून बाद झाली. निरोपाचे लेख भरपूर आले. पण या गाडीतली एक गोष्ट विज्ञानाच्या अंगाने पाहण्यासारखी आहे, ती म्हणजे स्टिअरिंगच्या खांबावर बसवलेला तिचा गिअर. हात वर आणि गिअरबॉक्स खाली, पलीकडे. मधले अंतर रॉड आणि आर्म्सच्या साखळीने जोडायचे, आणि जिथे दोन भाग एकमेकांवर हलतात त्या प्रत्येक सांध्यात एक छोटा बुश, म्हणजे पिनीभोवती बसणारे कडे. जुन्या पोर्शे 911 या स्पोर्ट्स कारमध्येही मामला असाच आहे. तिचे इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असल्याने गिअरच्या दांड्याचा रॉड सीटांच्या मधून मागे जातो आणि त्याच्या जोडावर प्लास्टिकचे बुश असतात. त्यांचा भुगा झाला की लाखांची गाडी गिअर शोधत चाचपडते. मराठवाड्यातल्या हदगावहून तामसा, हिमायतनगर, अर्धापूरकडे धावणाऱ्या जुन्या जीपमध्ये दांडा थेट गिअरबॉक्सच्या डोक्यावरच उभा असतो, म्हणजे सांधे कमी, पण दांड्याच्या मुळाशी बॉल आणि त्याची बैठक असतेच. गाड्या तीन तऱ्हांच्या, तक्रार एकच: गिअर ढिला पडलाय, पहिला टाकायला जावे तर तिसरा लागतो, चढावर गिअर सुटतो. निदानही बहुतेक वेळा एकच, 'गिअरबॉक्स गेला'. माझे म्हणणे असे की या निदानाआधी बुश पाहिला पाहिजे. आणि तो झिजलेला निघाला, तर त्याने आपले काम चोख केले असे समजून त्याच्याच जातीचा नवा बुश बसवला पाहिजे, त्याहून 'मजबूत' नव्हे.

आधी थोडा हिशेब. समजा दांड्याचा टेकूच्या वरचा भाग 30 सेंटिमीटर आणि खालचा 6 सेंटिमीटर आहे. म्हणजे मूठ 5 मिलिमीटर हलली की खालचे टोक 1 मिलिमीटर हलते. गिअर टाकताना खालच्या टोकाला सरकायचे असते साधारण 10 मिलिमीटर. आता साखळीतल्या तीन सांध्यांत प्रत्येकी अर्ध्या मिलिमीटरचा प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला, तर दीड मिलिमीटर हालचाल वाटेतच जिरली. मुठीशी ती साडेसात मिलिमीटर होऊन दिसते, म्हणून चालवणाऱ्याला दांडा 'लुळा' वाटतो. पण खरे नुकसान मुठीशी नसते, आत असते. गिअरबॉक्समधली स्लीव्ह सरकून गिअरच्या कडेच्या दातांवर चढते. तिच्या वाटचालीतला पहिला भाग सिंक्रोच्या कड्याला दाबून दोन्हींचे वेग जुळवण्यात जातो आणि उरलेल्या थोड्या मिलिमीटरांत दात दातांत बसतात. या दातांना काही अंशांचा उलटा उतार दिलेला असतो, त्यामुळे इंजिनाचा जोर आला की स्लीव्ह बाहेर न सरकता आत ओढली जाते. दात पूर्ण बसले तरच हा उतार कामाला येतो. अर्धवट बसले, तर सगळा जोर दातांच्या टोकांवर येतो, टोके गोल होतात आणि स्लीव्ह झटक्याने बाहेर पडते. काही महिने असे चालले की नवा बुश टाकूनही गिअर सुटतच राहतो, कारण आता खरोखरच गिअरबॉक्स गेलेला असतो.

यावर जाणकार मिस्त्री आक्षेप घेईल की आत स्प्रिंगवर बसलेली डिटेंटची गोळी असते, ती खाचेत उतरताना शेवटचा मिलिमीटर-दीड मिलिमीटर स्वतःच ओढून घेते, मग थोड्या प्लेने काय होते? आक्षेप बरोबर आहे आणि म्हणूनच नव्या गाडीतही थोडा प्ले ठेवलेला असतो. त्या मर्यादेपर्यंत काळजीचे कारण नाही. मर्यादा ओलांडली की मात्र गोळी खाचेच्या अलीकडच्या उतारावर राहते आणि तीच स्प्रिंग आता स्लीव्हला मागे, न्यूट्रलकडे ढकलू लागते. म्हणजे राखण करणारी गोष्टच उलटते. दुसरा आक्षेप चालवणाऱ्यांचा असतो: हाताला सवय होते, जरा जास्त ओढले की बसतो. पुढे-मागे ओढण्यात हे काही काळ चालते. पण दांडा आडवाही सरकवायचा असतो, एका गिअरच्या रेलवरून शेजारच्या रेलवर. ही आडवी चाल बरीच तोकडी असते. तिच्यातले दीड मिलिमीटर गेले तर दांड्याचे बोट दोन खाचांच्या मध्ये थबकते, आणि एका वेळी दोन गिअर लागू नयेत म्हणून ठेवलेला इंटरलॉक सगळेच अडवून धरतो. स्टिअरिंगवरचा गिअर अडकला की बॉनेट उघडून हाताने रॉड जागेवर आणावे लागत, ते याचमुळे.

आता झिजण्याकडे वळू, कारण बाजारातला सगळा गोंधळ तिथे आहे. लोखंडी पिनीभोवती नायलॉनचा बुश का? कडक वस्तू कमी झिजते ही आपली पक्की समजूत. या समजुतीला हात घालणारा माणूस जॉन आर्चर्ड. इंग्लंडमध्ये आल्डरमॅस्टनला असोसिएटेड इलेक्ट्रिकल इंडस्ट्रीजच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या या भौतिकशास्त्रज्ञाने 1953 मध्ये झिजेचा साधा नियम मांडला. घासून गेलेले द्रव्य हे भार आणि घासलेले अंतर यांच्या प्रमाणात वाढते, कडकपणाच्या प्रमाणात घटते. दोन भाग वरवर किती रुंद टेकलेत याचा त्यात उल्लेखच नाही, कारण गुळगुळीत दिसणारे पृष्ठभाग प्रत्यक्षात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवरच टेकतात. इथवर कडकपणाची समजूत खरीच ठरते. पण समीकरणात आणखी एक अंक आहे, आणि सगळी गंमत त्यात आहे. दोन उंचवटे भिडले आणि सुटले, तर त्यातून कण तुटून निघण्याची शक्यता किती, हे तो अंक सांगतो. कुठल्या द्रव्याची कुठल्या द्रव्याशी गाठ आहे यावर तो हजारो-लाखो पटींनी बदलतो. एकाच जातीचे दोन कोरडे धातू एकमेकांना चिकटतात, ओरबाडतात. नायलॉन पोलादाला तसे धरत नाही. कडकपणात तो कितीतरी मागे असूनही हा एक अंक त्याच्या बाजूने असल्याने कोरड्या सांध्यात तो टिकतो. 1966 मध्ये ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीचा अहवाल आला, घर्षण आणि झिजेकडे नीट लक्ष दिले तर देशाचे वर्षाला 51.5 कोटी पौंड वाचतील असा त्यात अंदाज होता. तेव्हापासून या विद्येला नाव आणि निधी मिळाला, जोस्ट यांना कीर्तीही मिळाली आणि ती योग्यच होती. पण गाडीचा बुश किती टिकेल याचा अदमास आजही ज्या समीकरणातून घेतात ते आर्चर्डचे आहे, आणि आपल्याकडे अभियांत्रिकीच्या वर्गाबाहेर त्याचे नाव क्वचितच निघते.

पण मग नायलॉनपेक्षा पितळी किंवा गनमेटलचा बुश तेल घालून का वापरू नये? पाण्याच्या मोटारीत, लेथवर गनमेटलचे बुश वर्षानुवर्षे चालतात, हे खरे. त्यांचे रहस्य मात्र गनमेटलपेक्षा तेलात जास्त आहे, आणि ते सापडले मोठ्या मजेदार रीतीने. 1883 मध्ये बीचम टॉवर हा इंग्रज अभियंता रेल्वेच्या धुऱ्यांच्या बेअरिंगवर प्रयोग करत होता. तेल सोडायला त्याने बेअरिंगच्या माथ्याला भोक पाडले, तर आत जायचे सोडून तेलच त्यातून वर उसळू लागले. त्याने बूच मारले, ते उडाले. लाकडी खुंटी ठोकली, तीही बाहेर ढकलली गेली. शेवटी भोकाला दाबमापक लावला तेव्हा कळले की फिरता धुरा तेलाला पाचरीसारखे आत ओढतो आणि त्या दाबावर स्वतः तरंगतो. तीन वर्षांनी, 1886 मध्ये, ऑस्बोर्न रेनॉल्ड्सने त्याचे गणित मांडले. धातूला धातू टेकतच नाही म्हणून फिरता बुश टिकतो. गिअरच्या सांध्याच्या नशिबी हे सुख नाही. तिथली पिन फिरत नाही, काही अंशांत डोलते आणि थांबते. तेलाची पाचर तयार व्हायला लागणारा वेगच तिथे नसतो. मग गनमेटल आणि पोलाद थेट घासतात, आणि त्यात हदगाव-तामसा रस्त्याची धूळ पडली की सांधा दोन्ही बाजूंनी खाल्ला जातो. बुश टिकावा म्हणून आपण पिन झिजवायला घेतो, आणि पिन ही बहुधा आर्मवर पक्की बसवलेली असते. बुश काही रुपयांत मिळतो. आर्म बदलायचा तर साखळी उतरवावी लागते.

पंपाच्या पेटीत किटकॅट फ्यूज वारंवार उडतो म्हणून त्यात जाड तार घालण्याची आपल्याकडची रीत सर्वांना ठाऊक आहे. तार उडत नाही, मोटार जळते. कडक बुश म्हणजे तीच जाड तार. जिथे नुकसान व्हावे असे अभियंत्याने ठरवले ती जागा आपण बंद करतो आणि नुकसानाला आत वाट करून देतो. फरक एवढाच की फ्यूज उडाला तर अंधार होतो, कळते. बुश रोज केसाएवढा झिजतो आणि हात नकळत त्याच्याशी जुळवून घेतो. म्हणून बुश तुटण्याची वाट न पाहता तपासावा लागतो.

परदेशी गाड्यांच्या हौशी मंडळींत 'रेसिंग बुश' आणि 'शॉर्ट शिफ्टर' यांची जी जाहिरातबाजी चालते तिच्याकडेही याच नजरेने पाहावे. शॉर्ट शिफ्टर म्हणजे दांड्याच्या दोन भागांचे गुणोत्तर बदलणे. हाताची चाल कमी होते हे खरे, पण चाल कमी झाली त्या प्रमाणात जोर वाढतो. कप्पीच्या धड्यात शिकलेला नियम स्पोर्ट्स कारला सूट देत नाही. शिवाय गिअर घाईने टाकला जातो आणि सिंक्रोच्या कड्याला वेग जुळवायला वेळ कमी मिळतो. कडक धातूच्या बुशने गिअर 'क्लिक' बसल्याचा आनंद मिळतो, तसाच इंजिनाचा थरथराटही थेट मुठीपर्यंत पोहोचतो, कारण थरथर शोषणे हेही मूळ बुशचे काम होते. शर्यतीच्या गाडीचा गिअरबॉक्स वरचेवर उघडून पाहिला जातो, तिला हे परवडते. दहा-वीस वर्षे चालायच्या गाडीला नाही. मूळच्या मापाचा नवा कडक बुश टाकल्यावर जुन्या गाडीचा गिअर जो नेमका बसू लागतो, त्यातली बरीचशी किमया नव्या बुशच्या 'जातीची' नसून केवळ त्याच्या नवेपणाची असते. जाहिरात तुलना करते ती नव्या कडक बुशची झिजलेल्या जुन्याशी, नव्या साध्याशी नव्हे.

तपासणी अवघड नाही. इंजिन बंद ठेवून सगळे गिअर टाकून पाहावेत. बंद इंजिनावरही दांडा डुलत असेल, गिअरच्या जागा चाचपाव्या लागत असतील तर संशय सांध्यांवर. बंद असताना सगळे व्यवस्थित आणि चालू इंजिनावरच करकर होत असेल तर क्लच किंवा सिंक्रो पाहावा. मग रबरी बूट वर सरकवून एकाने दांडा हलवावा, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर बोट ठेवावे. मूठ हलते पण पुढचा रॉड क्षणभर थांबतो, तो सांधा दोषी. सर्कलिप काढून बुश हातात घेतला की झीज डोळ्यांना दिसते: मूळचे पांढरे नायलॉन पिवळट, भोक गोल न राहता लांबट, जाडी एका बाजूला जवळपास कागदाइतकी आणि तिथेच कडेला उभी भेग. पिनीवर नख फिरवावे. नख कुठे अडत नसेल तर पिन शाबूत आहे.

उत्पादन थांबलेल्या गाड्यांना मूळ बुश मिळत नाही, हा शेवटचा आणि खरा अडथळा. इथे तालुक्याचे गाव मोठ्या शहरापेक्षा मागे नाही. शेतीची अवजारे आणि पाण्याच्या मोटारी दुरुस्त करणारा लेथवाला नायलॉनच्या रॉडमधून असा बुश सहज कातून देतो. फक्त द्रव्याचा स्वभाव त्याला सांगावा. नायलॉन पाणी पितो. नायलॉन 66 पूर्ण भिजला तर वजनाच्या सुमारे 8 टक्के पाणी धरतो आणि फुगतो. नेहमीच्या दमटपणातही 20 मिलिमीटरच्या मापात दशांश मिलिमीटर वाढ होऊ शकते. मे महिन्यात, मराठवाड्याच्या कोरड्या बेचाळीस अंशांत अगदी टाइट कातलेला बुश श्रावणात पिनीला आवळून धरेल. म्हणून जरा सैल कातावा, किंवा अ‍ॅसिटलचा रॉड मिळाला तर तो घ्यावा, तो पाणी फारच थोडे शोषतो. एक अडचण कुठल्याही मऊ बुशची राहतेच: धुळीचा कडक कण त्यात रुततो आणि मग बुशच पॉलिश पेपरसारखा पिनीला घासू लागतो. फाटलेला रबरी बूट न बदलता नुसता बुश बदलणे म्हणूनच वाया जाते. सांध्यात लिथियम ग्रीस चालते. रबरी बुटाला मात्र ते लागू देऊ नये, नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते, तिथे सिलिकॉनचे ग्रीस बरे. आणि लेथवाल्याकडे माप द्यायला जुना बुश घेऊन जाऊ नये, त्याचे भोक आधीच लांबट झालेले असते. पिन, आर्मवर पक्की असेल तर आर्मसकट, काढून न्यावी आणि तिच्या टोकाशी, जिथे बुश कधी पोहोचलाच नव्हता, तिथला व्यास मोजायला सांगावा.