माद्रिदच्या भोजनगृहात वाइनची निवड

माद्रिदच्या एखाद्या जुन्या भोजनगृहात रात्री नऊच्या सुमारास, कारण त्यापूर्वी तेथे जेवणाची वेळ होतच नाही, चौघे जण टेबलाशी बसले आणि वाढप्याने खाद्यपदार्थांच्या यादीबरोबर वाइनची जाडजूड यादीही पुढे ठेवली, म्हणजे तीतील गावांची, मळ्यांची आणि द्राक्षजातींची अपरिचित नावे पाहून नवख्या पाहुण्याची नजर बहुधा दोनच ठिकाणी स्थिरावते : एक तर ‘रिओहा’ या कानावरून गेलेल्या नावावर, नाही तर किमतीच्या रकान्यातील मधल्या आकड्यावर. या दोन्ही आधारांत गैर काही नाही. परंतु द्राक्षवेलींखालील क्षेत्र ज्या देशात जगात सर्वाधिक आहे, आणि ज्याच्या एका टोकाला अटलांटिकचा अखंड पाऊस तर दुसऱ्या टोकाला आंदालुसियाचे रखरखीत ऊन आहे, त्या देशाची यादी एवढ्यावर मिटवणे म्हणजे एका मोठ्या सुखाला मुकणे होय. माझ्या मते या यादीतून निवड करताना मळा समुद्रापासून किती अंतरावर आणि किती उंचीवर आहे हे प्रथम पाहावे; वाइनच्या वयाचा विचार त्यानंतर, आणि किमतीचा सर्वांत शेवटी.

आरंभ हेरेसच्या वाइनने करावा, असा माझा आग्रह आहे. इंग्रज जिला शेरी म्हणतात ती हीच. इंग्लंडच्या बाजारपेठेसाठी दीर्घकाळ गोडवून पाठवलेल्या मालामुळे ती वृद्धांनी जेवणानंतर घोट घोट घ्यावयाची मधुर वस्तू आहे, असा समज जगभर दृढ झाला. वस्तुतः ‘फिनो’ आणि सानलूकार दे बारामेदा या समुद्रकाठच्या गावात मुरणारी ‘मान्सानिया’ या दोन्ही अत्यंत कोरड्या, साखरेचा लवलेशही जाणवू न देणाऱ्या वाइन आहेत. त्यांची घडण बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. हेरेसच्या परिसरातील पांढरीशुभ्र, चुनखडीची माती हिवाळ्यातील पाऊस शोषून घेते आणि पुढे उन्हाळ्यात वरचा थर कडक होऊन आतली ओल वेलीसाठी राखून ठेवते. तेथील पालोमिनो द्राक्षांच्या साध्या वाइनमध्ये द्राक्षापासूनच काढलेला मद्यार्क मिसळून त्याचे प्रमाण १५ टक्क्यांवर आणतात, आणि ती अमेरिकन ओकच्या सुमारे ६०० लिटरच्या पिंपात भरताना एक षष्ठांश जागा मुद्दाम रिकामी सोडतात. त्या मोकळ्या जागेत वाइनच्या पृष्ठभागावर यीस्टचा पांढुरका, सुरकुतलेला पापुद्रा धरतो. ‘फ्लोर’ नावाचा हा जिवंत पापुद्रा वाइनचे हवेपासून रक्षण करतो, उरलीसुरली साखर फस्त करतो आणि कच्च्या बदामाचा व भिजवलेल्या कणकेचा असा एक विलक्षण गंध तिला देतो. मद्यार्क १७ टक्क्यांवर नेला तर हा पापुद्रा जगत नाही; मग वाइनचा हवेशी सरळ संबंध येऊन तिचा रंग गडद होतो, अक्रोडासारखा वास येतो, आणि ती ‘ओलोरोसो’ या नावाने यादीत येते. आरंभी पापुद्र्याखाली आणि नंतर त्याविना मुरलेली ‘आमोंतियादो’ ही या दोहोंच्या मधली. अळंबीचे पदार्थ, निवळ मांसरसाचे सूप आणि ज्याच्यापुढे बहुतेक वाइन हतबल होतात तो आर्टिचोक, या सर्वांना सामावून घेण्याचे सामर्थ्य तिच्याइतके दुसरीत मला आढळलेले नाही.

या वाइनच्या नावापुढे साल दिसले नाही, तर शंका घेऊ नये. पिंपांच्या रांगा एकीवर एक रचलेल्या असतात. बाटल्या भरण्यासाठी वाइन काढावयाची ती सर्वांत जुन्या, म्हणजे बहुधा जमिनीलगतच्या रांगेतून, आणि तीही थोडीशीच. तेथे झालेली तूट वरच्या, तुलनेने तरुण रांगेतून भरून काढावयाची, असा तेथील परिपाठ असल्यामुळे प्रत्येक पेल्यात अनेक वर्षांचे पीक एकत्र आलेले असते. खारवलेले ऑलिव्ह, तळलेले बदाम, डुकराच्या खारवून वाळवलेल्या मांडीचे म्हणजे ‘हामोन’चे पातळ काप, व्हिनेगरमध्ये मुरवलेले लहान मासे अशा आरंभीच्या खारट-आंबट पदार्थांबरोबर ७ ते ९ अंश तापमानाची थंडगार फिनो घेऊन पाहिली, म्हणजे या आग्रहाचे कारण वेगळे सांगावे लागणार नाही.

मासळीचा पदार्थ येईल तेव्हा वायव्येकडील गालिसिया प्रांताकडे वळावे. तेथील रिआस बायशास या सागरी खाड्यांच्या मुलखात पाऊस आणि दमट हवा इतकी, की आल्बारिन्यो द्राक्षाच्या वेली ग्रॅनाइटच्या खांबांवर, आपल्या नाशिककडील द्राक्षमांडवाप्रमाणे, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर चढवतात, म्हणजे खालून वारा खेळता राहून बुरशीला अटकाव होतो. या द्राक्षाच्या वाइनची टवटवीत अम्लता उकडलेल्या कोळंबीला आणि ऑलिव्ह तेल व लाल मिरचीपूड घातलेल्या ऑक्टोपसला अगदी साजते.

आता रिओहा. या नावाची कीर्ती अकारण नाही. उत्तरेकडील कांताब्रिया डोंगररांग अटलांटिकचे गार वारे अडवते आणि तिच्या दक्षिणेस एब्रो नदीच्या खोऱ्यात तेंप्रानियो द्राक्ष शांतपणे पिकते. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा या किडीने फ्रान्सचे मळे उद्ध्वस्त केले, तेव्हा बोर्दोचे व्यापारी मालाच्या शोधात येथे आले, आणि २२५ लिटरच्या ओकच्या पिंपात वाइन मुरवण्याच्या पद्धतीला त्यामुळे येथे मोठी चालना मिळाली. १९९१ साली स्पेनच्या वाइन-प्रदेशांतील सर्वोच्च दर्जाची सनद प्रथम रिओहालाच मिळाली. ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाचा दस्तऐवज मात्र बाटलीच्या पाठीवर असतो. तेथे नियामक मंडळाची छोटी अधिकृत चिठ्ठी चिकटवलेली दिसते : लाल चिठ्ठी ‘क्रियान्सा’ची, म्हणजे दोन वर्षे आणि त्यांपैकी निदान एक वर्ष पिंपात मुरलेल्या तांबड्या वाइनची, गडद किरमिजी ‘रेसेर्वा’ची, म्हणजे तीन वर्षांची, आणि निळी ‘ग्रान रेसेर्वा’ची, म्हणजे किमान पाच वर्षांची, ज्यांपैकी दोन पिंपात गेलेली असतात.

या चिठ्ठ्या काळाची हमी देतात, गुणवत्तेची नव्हे, हे ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे. जी वाइन अधिक जुनी ती अधिक चांगली, या समजुतीने यजमान अनेकदा सर्वांत महाग ग्रान रेसेर्वा मागवतो आणि झणझणीत रश्श्याबरोबर पाहुण्यांना देतो. तेव्हा तंबाखूची सुकी पाने, चामडे, वाळलेली फळे यांची आठवण देणारे तिचे नाजूक गंध त्या रश्श्यात बुडून जातात. अशी वाइन साध्या भाजलेल्या मांसाबरोबरच घ्यावी. नित्याच्या जेवणासाठी क्रियान्साइतकी भरवशाची आणि किमतीस उतरणारी तांबडी वाइन साऱ्या यादीत क्वचितच सापडेल.

मुख्य पदार्थ जर ‘लेचासो’ असेल, म्हणजे मातीच्या परातीत थोडे पाणी व मीठ एवढ्यावर लाकडाच्या भट्टीत भाजलेले दूधपिते कोकरू, तर ज्या मुलखात तो पदार्थ नावाजला त्याच मुलखातील रिबेरा देल दुएरोची बाटली घ्यावी. हे मळे समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहेत. दिवसाची प्रखर उष्णता आणि रात्रीचा कडक गारठा यांमुळे तेच तेंप्रानियो द्राक्ष येथे जाड सालीचे, गडद आणि अधिक तुरट होते, आणि तो तुरटपणा कोकराच्या स्निग्धतेला योग्य तो तोल देतो. कातालोनियातील प्रिओरातच्या काळ्या पाटीच्या दगडात वाढलेल्या गार्नाचाची वाइनही थोर खरी, पण तिचा मद्यार्क जड असल्यामुळे ती शिकारीच्या मांसासाठी राखून ठेवावी. तांबडी वाइन फार उबदार वाटली, तर बाटली दहा मिनिटे बर्फाच्या भांड्यात ठेवण्यास निःसंकोच सांगावे. १६ ते १८ अंशांवर ती खुलते.

शेवटी मेंढीच्या दुधाच्या मांचेगो चीजबरोबर ओलोरोसो, आणि मिष्टान्नाबरोबर उन्हात सुकवलेल्या द्राक्षांची काकवीसारखी दाट ‘पेद्रो हिमेनेस’. तिचा लहानसा पेला पुरेसा होतो, आणि व्हॅनिला आइस्क्रीमवर तिची धार धरणे हाही तेथला मान्य रिवाज आहे.

प्रमाणाविषयी दोन शब्द. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत सहा पेले निघतात. तेव्हा चौघांना एक पांढरी आणि एक तांबडी बाटली पुरते. पेल्याने मिळणारी फिनो मागवण्यापूर्वी ती बाटली कधी उघडली हे वाढप्याला अवश्य विचारावे, कारण उघडल्यावर तिचा ताजेपणा थोड्याच दिवसांत ओसरतो. त्यापेक्षा ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली सांगणे श्रेयस्कर, म्हणजे ती आपल्यासमोरच उघडली जाईल.