रायपूर : दोन दिवसांचा मुक्काम

मुंबईहून हावड्याकडे धावणारी गाडी नागपूर सोडते आणि पुढे चार-पाच तासांत रायपूरला पोचते. जगन्नाथपुरीस किंवा बस्तरच्या अरण्यात निघालेली बहुतेक मराठी कुटुंबे येथे फलाटावर चहा घेतात, फार तर गाडी बदलतात आणि मार्गस्थ होतात. १ नोव्हेंबर २००० पासून छत्तीसगड राज्याची राजधानी असलेले, २०११ च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकवस्ती नोंदलेले हे शहर केवळ वाटेवरचे स्थानक म्हणून मागे टाकावे असे खचित नाही. वाचकहो, पुढच्या प्रवासात रायपूरसाठी दोन दिवस राखून ठेवा. ते कसे घालवावेत, याविषयी या चार सूचना.

प्रथम ऋतूचा विचार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सर्वांत सुखाचा. वैशाख-ज्येष्ठात येथील पारा ४४ अंशांच्या आसपास जातो. मुलेबाळे आणि वडीलधारी बरोबर असतील तर त्या दिवसांत येऊ नये, आणि आलेच तर दहाच्या आत बाहेरचे पाहणे आटोपून दुपार छताखाली काढावी. शहरात रिक्षा व बॅटरीवर चालणाऱ्या रिक्षा मुबलक आहेत. बसण्यापूर्वी भाडे ठरवून घ्यावे. हिंदी सर्वत्र चालते, परंतु बाजारातील वृद्धेला ‘जोहार’ म्हणून नमस्कार केलात तर तिच्या मुद्रेवर जो आनंद उमटेल, तो घासाघिशीने वाचलेल्या दहा रुपयांहून मोलाचा ठरेल.

पहिल्या दिवसाचा आरंभ सकाळी बूढा तालाबापासून करावा. छत्तीसगड हा तलावांचा प्रदेश आणि जुने रायपूरही तलावांच्या काठाकाठाने वाढलेले. आज या तलावाच्या मध्यभागी स्वामी विवेकानंदांचा भव्य पुतळा आहे व तलावाला त्यांचे नावही दिलेले आहे. त्याचे कारण असे की, १८७७ साली चौदा वर्षांचा नरेंद्र वडिलांच्या कामानिमित्त कुटुंबासह येथे आला आणि सुमारे दोन वर्षे राहिला. तेव्हा रायपूरला रेल्वे नव्हती. अखेरचा लांबचा टप्पा बैलगाडीने कापावा लागला. काठावरून चालताना एक गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. या शहरातील काही तलाव बुजले. राजबंधा नावाचा तलाव होता, आज तेथे राजबंधा मैदान आहे. जे उरले आहेत ते डोळे भरून पाहावेत आणि त्यांत कागदाचा कपटाही टाकू नये.

तेथून जुन्या वस्तीत शिरावे. ‘पारा’ म्हणजे आपली आळी. बूढापारा, ब्राह्मणपारा ही नावे वाचता वाचता ‘तात्यापारा’ अशी पाटी दिसते आणि मराठी माणूस थबकतो. हा तात्या येथे कसा आला? त्याचे उत्तर इतिहासात आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि हैहयवंशी राजांची सत्ता संपुष्टात आली. पुढे १७५८ पासून १७८७ पर्यंत बिंबाजी भोसल्यांनी रतनपुरास राहून कारभार पाहिला. त्यांच्यामागे मात्र नागपुराहून सुभे नेमले गेले आणि त्यांचे बहुतेक लक्ष वसुलीकडे राहिले. रयतेने ते दिवस सुखाचे म्हणून स्मरणात ठेवलेले नाहीत. आपल्या मुलांना पराक्रमाच्या कथा सांगताना ही बाजूही सांगावी. पाहुण्याने यजमानाच्या घरी आपल्या पूर्वजांची केवळ बढाई मारू नये.

पुरानी बस्तीतील महामाया मंदिर आणि जवळचा दूधाधारी मठ याच सकाळी पाहून होतात. मठाची स्थापना सतराव्या शतकातली. केवळ दुधावर राहणाऱ्या महंत बलभद्रदासांवरून त्याला हे नाव पडले. मराठा काळातील भित्तिचित्रांसाठीही हा मठ ओळखला जातो.

दुपारचा वेळ महंत घासीदास स्मारक संग्रहालयाला द्यावा. राजनांदगावचे महंत राजा घासीदास यांनी १८७५ साली ते स्थापन केले. सध्याच्या इमारतीचे उद्घाटन १९५३ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात, म्हणून आधी चौकशी करून निघावे. सिरपूरच्या कांस्यमूर्ती पाहण्यासाठी गर्दी होतेच, पण किरारीचा काष्ठस्तंभ चुकवू नका. १९२१ मध्ये किरारी गावच्या तलावाचे पाणी आटले असता गाळातून हा लाकडी खांब निघाला. त्यावर सुमारे दुसऱ्या शतकातील अक्षरे होती. इतकी शतके पाण्याने जे जपले, ते ऊन लागताच ढलप्यांसह गळू लागले. गावातील एका पंडिताने समयसूचकता दाखवून अक्षरे दिसली तशी उतरून घेतली, म्हणून नगररक्षक, सेनापती, भांडागारिक अशा जुन्या अधिकाऱ्यांची नामावळी आपणास आज वाचता येते.

याच आवारात ‘गढ कलेवा’ हे उपाहारगृह आहे. महिला बचतगटामार्फत चालणाऱ्या या ठिकाणी खास छत्तीसगडी पदार्थ मिळतात. तांदळाच्या पिठाचा चिला आपल्या धिरड्याची आठवण देतो. फरा वाफवलेला असल्याने मुलांना व वृद्धांना सोसतो. ठेठरी बेसनाची खारी, तर खुरमी शंकरपाळ्यांची बहीण शोभेल अशी गोड.

सायंकाळी जयस्तंभ चौकात क्षणभर उभे राहावे. दुष्काळात सावकाराचे धान्य उपाशी रयतेला वाटणारे सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी देण्यात आली. ते स्थळ हेच, असे मानले जाते. जवळच्या गोल बाजारात आणि पंडरीच्या कापडपेठेत कोसा रेशीम पाहावे. बस्तरच्या कारागिरांनी घडविलेल्या ढोकरा धातुमूर्ती सरकारी विक्रीकेंद्रातून घेतल्यास फसगतीचे भय उरत नाही.

दुसरा दिवस सिरपूरचा. अंतर सुमारे ८० किलोमीटर. सकाळी लवकर मोटार ठरवून निघावे, पाणी व शिदोरी बरोबर घ्यावी. महानदीकाठच्या या प्राचीन राजधानीत सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर उभे आहे. राणी वासटेने दिवंगत पती हर्षगुप्ताच्या स्मरणार्थ ते बांधविले. विटेवर इतके नाजूक कोरीव काम होऊ शकते, हे प्रत्यक्ष पाहिल्यावाचून पटत नाही. नजीकचा आनंदप्रभुकुटी विहार १९५०च्या दशकात उजेडात आणणारे संशोधक होते डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित. तिसरा दिवस हाती असेल तर राजिमचा त्रिवेणी संगम अथवा नवा रायपूर येथील ‘पुरखौती मुक्तांगण’ पाहावे.

परतण्यापूर्वी आणखी एका मराठी माणसाचे स्मरण ठेवा. बूढा तालाबाजवळ सप्रे शाळा आहे. ती ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या माधवराव सप्रे यांनी १९०० साली पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक काढले. लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि समर्थांचा ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. १९२६ साली रायपुरातच त्यांनी देह ठेवला. सुभ्यांनी या भूमीतून नेले; सप्र्यांनी तिची भाषा आपली मानली आणि तिला दिले. म्हणूनच येथील लोक त्यांना परके समजत नाहीत. रायपूरला जाल तेव्हा आपणही त्यांच्याच वाटेने जावे, म्हणजे दोन दिवसांच्या मुक्कामातही आपलेपणा लाभेल.